आजोबांच्या अडत दुकानाची चोपडी सापडली, गोलाईतल्या जुन्या लोकांनी जरा मदत करा

माळवदाचं_घर

नमस्कार मंडळी. मूळचा लातूरचा, आता पंधरा वर्षं पुण्यात. मागच्या महिन्यात गोलाईजवळचं (लातूरची जुनी गोल बाजारपेठ) आमचं जुनं घर पाडायला दिलं, मातीच्या छताचं माळवद होतं, दर पावसाळ्यात गळायचं, वरती गवत उगवायचं आणि तिथं राहायला पण कुणी उरलं नव्हतं, तर सामान काढताना मागच्या खोलीत कणगीच्या मागं एक पत्र्याची पेटी निघाली. आत लाल कापडाच्या बांधणीच्या तीन लांबट चोपड्या. आजोबांचं भुसार मालाचं अडत दुकान होतं, म्हणजे शेतकऱ्याचं धान्य कमिशनवर विकून द्यायचं, एवढंच आम्हाला माहिती. ते मी चौथीत असताना गेले आणि वडलांनी धंदा न करता शिक्षकी धरली, त्यामुळं दुकानाचं ज्ञान घरात कुणालाच नाही.

दोन चोपड्या मोडीत आहेत, त्या सध्या बाजूला ठेवल्यात. तिसरी बरीचशी बाळबोध अक्षरात आहे, म्हणजे वाचता येते पण समजत नाही. रकमेपुढं कुठं "हा." लिहिलंय, कुठं "क.". मालापुढं "प. ७", "प. १२" असं. एका पानावर "बा. ला. डबा १, तूर" आणि त्याच्याच खाली "करोडगिरी" म्हणून रक्कम. साल तर १३५७ फ. असं आहे! महिने पण आपले नाहीत, तीर, अमरदाद, शहरेवर, आबान. मधेमधे उर्दू छापील पावत्या टाचणीनं लावल्यात, दोनचा फोटो टाकलाय.

अजून एक. आबान महिन्यात थोड्याच नोंदी आहेत आणि मग सहा पानं पूर्ण कोरी. सातव्या पानावर वर नुसतं "श्री" आणि तिथनं परत हिशोब सुरू. आजोबा हिशोबाला इतके कडक होते की घरात कुणी वारलं त्या दिवसाची पण नोंद आहे (सामानाचा खर्च), मग ही पानं कोरी कामून सोडली?

चुलत्यांना फोन केला तर म्हणले, आरं काय वाचलालास त्या जुन्या वह्यात, रद्दीत घाल. पण मन होईना. कुणाला यातलं काही कळत असेल तर सांगा. आणि त्या काळची गोलाई कशी होती, कुठल्या रस्त्याला काय मिळायचं, दुकानं कशी होती, तेही लिहा, मला सगळंच पाहिजे.

भुसारलाइन

पेटी रद्दीत घालू नका, पाया पडतो. माझे वडील चाळीस वर्षं मुनीम होते, त्यांच्या तोंडून ऐकलेलं सांगतो.

हा. म्हणजे हाली आणि क. म्हणजे कलदार. निजामाचं स्वतःचं नाणं होतं, हाली सिक्का, त्याच्यावर चारमिनार असायचा. संस्थानाच्या आत सगळा व्यवहार हालीत, पण बार्शी सोलापूर पलीकडं इंग्रजांचा मुलूख, तिथं कलदार चालायचा. भाव साधारण सात हालीला सहा कलदार. म्हणून अडत्याला दोन्ही लिहायलाच लागायचं, शेतकऱ्याला पट्टी (विकलेल्या मालाचा हिशोब) हालीत द्यायची आणि बार्शीच्या व्यापाऱ्याकडनं पैसे कलदारमध्ये यायचे, मधला बट्टा कुणाच्या अंगावर यावरनं भांडणं व्हायची. १९५० नंतर भारतीय रुपया आला तरी हाली एकदम गेली नाही, १९५९ पर्यंत दोन्ही सोबत चालले. आमची आजी तर ७०-७२ सालापर्यंत "कलदार रुपया" असंच म्हणायची.

प. म्हणजे पल्ला. तीन मणाचा एक पल्ला, म्हणजे १२० शेर. आजच्या हिशोबात क्विंटलच्या थोडा वरच जातो. तुमच्या आजोबांनी प. १२ लिहिलंय म्हणजे एका खातेदाराची बऱ्यापैकी रास आली होती, मोठा शेतकरी असणार. घरात मात्र पल्ला कुणी बोलायचं नाही, तिथं पायली, अधोली, शेर, चिपटं. सुगीत गड्याला पण मापानंच धान्य मिळायचं.

तुमच्या चोपडीत कपातीच्या ओळी पण असतील बघा. अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय. पट्टीतनं हे सगळं वजा व्हायचं आणि खाली सांडलेलं मातेरं झाडूवालीचं, तो तिचा हक्कच, त्यावर मालक बोलत नसे. भाव ठरायचा हत्ता पद्धतीनं. म्हणजे खरेदीदार आणि अडत्या हातावर उपरणं टाकून आत बोटं दाबणार, किती बोटं, कुठलं पेर, त्यावरनं रुपये आणे. माल ज्याचा तो शेतकरी समोर उभा, आणि त्यालाच भाव कळत नाही! वडील म्हणायचे की चांगला अडत्या तो, जो उपरण्यातनं हात काढल्यावर शेतकऱ्याच्या डोळ्यात बघून भाव सांगू शकतो. बाजाराचा कायदा निजामानं १३३९ फसलीत म्हणजे १९३० लाच केला होता, पण सवय जायला लई वर्षं लागली. उघड लिलाव पुढं हळूहळू रुळला.

कुर्डुवाडी_पॅसेंजर

बा. ला. म्हणजे बार्शी लाइट!!! वाचून अंगावर काटा आला. माझे आजोबा त्या लाइनीवर गँगमन होते, म्हणून मी ह्या विषयावर जरा लांब लिहिणार, माफ करा.

बार्शी लाइट रेल्वे ही एका इंग्रज इंजिनिअरची, एव्हरार्ड कॅलथ्रॉपची कंपनी. रूळ फक्त अडीच फूट रुंद. १८९७ ला बार्शी रोड (म्हणजे आताची कुर्डुवाडी) ते बार्शी टाऊन चालू झाली आणि १९११ ला लातूरला पोचली. पलीकडं पंढरपूर आणि मग १९२७ ला मिरज. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. त्या माणसाची युक्ती अशी की इंजिन असो नाहीतर डबा, एका आसावर पाच टनापेक्षा जास्त वजन येऊ द्यायचं नाही, म्हणजे हलक्या रुळावर पण भरपूर माल जातो. आपल्या लातूरची तूर, करडई, गूळ, कापूस, सगळं ह्या पिटुकल्या गाडीनं कुर्डुवाडीला जायचं आणि तिथं मोठ्या गाडीत हमाल पोती बदलायचे. म्हणजे एक पोतं लातूरच्या दुकानातनं मुंबईला जाईस्तोवर किती पाठींवरनं जात असेल विचार करा.

१९११ ला गाडी आली आणि लातूरचा गंज, म्हणजे बाजारपेठ, वाढला. गोलाई १९१७ ची, म्हणजे गाडीनंतर सहाच वर्षांनी. माझं तर ठाम मत आहे की गोलाईचा खरा पाया रुळाचा आहे.

लातूर, हरंगुळ, मुरूड, ढोकी, कळंब रोड, येडशी, मग रामलिंगचा घाट उतरून पांगरी, बार्शी. घाटात गाडी एवढी हळू की पोरं खाली उतरून चालत सीताफळं तोडून परत चढायची, हे मी स्वतः नव्वद साली केलंय. आषाढीला तर टपावर पण वारकरी. डब्यात समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघे लागायचे, त्यामुळं अनोळखी माणसाशी बोलल्याशिवाय प्रवास व्हायचाच नाही, ढोकी येईपर्यंत शिदोऱ्या सुटायच्या.

१९५४ ला सरकारनं कंपनी विकत घेतली. आणि लातूरकडची छोटी लाइन २००७-०८ च्या सुमाराला मोठी झाली. आता गाडी उस्मानाबादवरनं (आताचं धाराशिव) जाते, आधी ती उस्मानाबाद शहरात जातच नव्हती, येडशीला उतरून पुढं मोटारीनं जायचं.

आणि एक सांगतो. एप्रिल २०१६ ला लातूरला प्यायला पाणी नव्हतं तेव्हा पाण्याची रेल्वे आली, पहिल्या गाडीला दहा टँकर, पाच लाख लिटर. कुठनं आली? मिरजेहून. कुर्डुवाडीमार्गे. लोक स्टेशनवर हार घेऊन उभे होते. मी टीव्हीवर बघत होतो आणि मला आजोबाच आठवत होते, कारण मिरज-लातूर ही त्यांचीच लाइन.

मुरूडची_लेक

अडत आणि रेल्वे झालं, पण गोलाईत बायका पण जायच्या हो! मी माझ्या आईकडून ऐकलेलं सांगते, तिच्या लग्नाचा बस्ता गोलाईत बांधला होता, पन्नासच्या दशकाच्या शेवटी शेवटी. मुरूडहून सकाळच्या गाडीनं आजी, दोन मावश्या, मामा आणि गावातला एक जाणता शिंपी एवढे जण गेलेले. शिंपी कशाला तर कापड ओळखायला. आई स्वतः नव्हती गेली, नवरीला बस्त्याला नेत नसत म्हणे.

गोलाई म्हणजे मधे गोल दुमजली इमारत, त्याच्या मधोमध जगदंबेचं मंदिर आणि चहूबाजूंनी सोळा रस्ते फुटलेले. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आखलंय ते. प्रत्येक रस्त्याला एक एक माल. सोनं एकीकडं, कापड एकीकडं, चपला, मिरची, गूळ, भांडी. आजी म्हणायची की डोळे बांधून सोडलं तरी मला कळेल मी कुठल्या रस्त्याला आहे, मिरचीच्या रस्त्याला शिंका, गुळाच्या रस्त्याला माश्या आणि कासारांच्या तिथं ठोक्यांचा आवाज. पहिल्यांदा आलेला माणूस मात्र हमखास चुकायचा, गोल फिरून परत तिथंच. म्हणून आजीची पद्धत अशी होती की आधी देवीला ओटी, आणि देवळाच्या दारातून नाकासमोर जो रस्ता दिसेल तो लक्षात ठेवायचा, हरवलं की परत देवळात येऊन थांबायचं.

कापड दुकानात गादीवर बसवून आधी पाणी, मग चहा, मग गाठोडं सोडायचे. एका बस्त्याला पूर्ण दिवस. इरकल लुगडी, खण, वरमाईचं वेगळं, करवल्यांचं वेगळं, आणि शेवटी दुकानदार आपल्याकडून एक खण फुकट घालणार, तो घातला नाही तर आजी उठायचीच नाही. संध्याकाळच्या गाडीला बस्त्याचं गाठोडं डब्यात मावेना म्हणून मामा आणि शिंपी ते मांडीवर घेऊन मुरूडपर्यंत आले. आईकडं त्यातलं एक लुगडं अजून आहे, आम्ही त्याची गोधडी करू दिली नाही.

आजही गोलाईत गेले की मी आधी देवळातच जाते.

पटेलचौक_लातूर

भाऊ, तुमच्या पावत्यांचे फोटो मी अब्बांना दाखवले. त्यांचं शिक्षण सगळं उर्दूत झालेलं, वय ८८, चष्मा लावून तासभर बघत बसले आणि लई खूश झाले, किती वर्षांनी कुणी तरी त्यांना वाचायला दिलं.

दोन्ही पावत्या करोडगिरीच्या आहेत. करोडगिरी म्हणजे जकात, कस्टम म्हणा. निजामाचं राज्य वेगळं त्यामुळं माल हद्दीबाहेर जाताना किंवा आत येताना हा महसूल द्यावा लागायचा. लातूरहून बार्शीला जायचं म्हणजे तेव्हा दुसऱ्या राज्यात जाणं. पहिल्या पावतीवर तुरीची पोती लिहिलीत, दुसरी नीट वाचता येत नाही, शाई पसरलीये, जमलं तर उजेडात परत फोटो काढा.

फ. म्हणजे फसली. सरकारी साल तेच होतं. त्यात ५९० मिळवायचे. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्यापासून सुरू व्हायचं, मग दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, आर्दिबेहेस्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर आणि शेवटचा आबान. अब्बांनी मला हे न अडखळता म्हणून दाखवलं, शाळेत पाठ करून घेतलं होतं म्हणे.

आता तुमच्या कोऱ्या पानांचं. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते सप्टेंबर १९४८. आबान शेवटचा महिना, म्हणजे सप्टेंबर १९४८. मी अब्बांना सांगितलं की आबानमध्ये सहा पानं कोरी आहेत तर ते लगेच म्हणले, पोलिस ॲक्शन.

१३ सप्टेंबरला भारताची फौज आत आली आणि १७ ला निजामानं शरणागती दिली. त्याच्या आधीचं वर्ष रझाकारांचं, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद संघटनेचं, आणि त्यांचा पुढारी कासीम रझवी आपल्या लातुरातच वकिली करायचा, त्यामुळं इथं दहशत किती असेल सांगायला नको. तुमच्या आजोबांसारख्या लोकांनी ते सोसलं. आणि १७ तारखेनंतरचे दिवस आमच्या लोकांनी सोसले. त्या हिंसाचाराची चौकशी करायला नेमलेल्या सुंदरलाल समितीनं लिहिलंय की सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड जिल्ह्यांना बसली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. अब्बा तेव्हा लहान होते, त्यांना एवढंच आठवतं की कितीतरी दिवस घरात दिवा लावू दिला नाही आणि शेजारच्या काकू मागच्या भिंतीवरून भाकरी द्यायच्या, रोज तेवढ्याच, घरात माणसं किती ते मोजून. ह्या गोष्टी आमच्याकडं कुणी जास्त बोलत नाही.

बाकी गोलाई त्या दिवसात बंद होती हे अब्बांना पक्कं आठवतं. देवीच्या पायऱ्यांवर कुत्री झोपलेली असायची म्हणले, एवढी सामसूम.

भुसारलाइन

पटेलचौक, अब्बांना माझा नमस्कार सांगा. माझ्या वडलांनी पण त्या महिन्याबद्दल कधी काही सांगितलं नाही, बाकी सगळं सांगितलं.

माळवदाचं_घर, तुम्ही ते "श्री" लिहिलेलं पान पुन्हा बघाल का. अडत्याची पद्धत अशी होती की दुकान बंद पडून परत उघडलं तर "श्री" घालून नव्यानं सुरुवात करायची, जशी दिवाळीत वहीपूजनाला करतात तशी. त्या पानावरची पहिली जमा कुणाची आणि पहिला खर्च कशाचा ते सांगा. त्यावरनं बरंच कळतं.

कुर्डुवाडी_पॅसेंजर

आणि बा. ला. डब्याची त्याच्या पुढची नोंद कधीची आहे ते पण बघा ना प्लीज. गाडी परत माल घ्यायला कधी लागली ते कळेल.

माळवदाचं_घर

उशिरा उत्तर देतोय, ऑफिसच्या गडबडीत दोन दिवस गेले पण खरं सांगायचं तर आबानचं कळल्यावर ती चोपडी उघडायला हात होत नव्हता. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, पटेलचौक तुमच्या अब्बांचे तर खूपच. दुसऱ्या पावतीचा फोटो आज रात्री टाकतो.

काल रात्री पान बघितलं. "श्री" च्या खाली जमेला काहीच नाही. खर्चाला दोन ओळी:

सुतार, दार दुरुस्ती, मजुरी. हा.
कुलूप नवे १. हा.

बस. त्यानंतर चार दिवस परत काही नाही आणि मग एका खातेदाराला दिलेली उचल, आणि तिथून पुढं रोजच्यासारखं. अडत, हमाली, तोलाई, धर्मादाय, भुसारलाइन तुम्ही सांगितलं त्याच क्रमानं. बा. ला. डब्याची पुढची नोंद बऱ्याच पानांनंतर येते, १३५८ च्या बहमनमध्ये, गूळ. करोडगिरी तेव्हाही चालूच होती.

दार कुणी फोडलं, कधी फोडलं, आधी का नंतर, काही लिहिलेलं नाही. आजोबांनी ना वडलांना सांगितलं ना चुलत्यांना. चुलत्यांना काल परत फोन केला, ह्या वेळी रद्दी म्हणले नाहीत. थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणले, दुकानाच्या दाराला खालच्या अंगाला एक फळी वेगळ्या लाकडाची होती बघ.

होती! मला आठवते. बाकी दार काळं सागवानी आणि ती फळी फिक्कट, बाभळीची असावी. लहानपणी दुपारी दुकानासमोर खेळताना मी तिच्या सांध्यात बोट घालून बसायचो. दुकान विकल्यावर ते दार आम्ही घरी आणून मागच्या खोलीला बसवलं होतं, आणि मागच्या महिन्यात घर पाडताना बाकी लाकडासोबत तेही ठेकेदाराला दिलं.

आज सकाळी ठेकेदाराला फोन लावला. सागवान अजून विकलेलं नाही म्हणतोय, लाकडाच्या अड्ड्यावर पडून आहे, पण दारं कुठली कुणाची त्याला सांगता येत नाही, येऊन ओळखा म्हणला. शनिवारी पहाटेच्या गाडीनं लातूरला येतोय. चुलते पण येणार आहेत. पटेलचौक, दुपारनंतर अब्बांना वेळ असेल तर चोपडी घेऊन येऊ का?

पटेलचौक_लातूर

या की. अब्बा आत्तापासूनच विचारायलेत, कोणत्या गाडीनं येणार म्हणून. आणि त्या मोडीच्या दोन चोपड्या पण आणा, आमच्या गल्लीत एक रिटायर्ड तलाठी आहेत, त्यांना मोडी येतं.